निकम गुरुजींची फरशी

आमच्या शाळेत दिवसभर दारं आपटत. फक्त एक दार पोरांच्या हातून कधी आपटलं नाही, ते इयत्ता तिसरीचं, म्हणजे निकम गुरुजींचं. त्या वर्गातली चाळीस पोरं मधल्या सुट्टीत बाहेर पडत तेव्हा शेवटचं पोर मागं वळे, दार हातानं धरी आणि चौकटीला टेकेपर्यंत सोडत नसे. सुरतेतल्या पालिकेच्या मराठी शाळेतली पोरं ही. बाप लूमवर, नाहीतर रेल्वेत, नाहीतर रंगाच्या कारखान्यात. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, आणि मराठी फक्त आमच्यासमोर. त्यांच्या घरांना दार म्हणून बहुधा गोणपाट असे. तरी दार कसं लावायचं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी दुसरीला शिकवत असे. शाळा म्हणजे एका लूमवाल्या शेठचं जुनं गोदाम, पालिकेनं भाड्यानं घेतलेलं. त्यामुळे माझ्या आणि गुरुजींच्या वर्गात भिंत नव्हती, छातीएवढं लाकडी पार्टिशन होतं. तेरा वर्षं मी त्यांच्या वर्गात न बसता बसले. त्यांचं गाव कोणतं, घरी कोण कोण, हे मी कधी नीट विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पण ते फळा कोणत्या बाजूनं पुसायला घेतात हे मी आजही सांगेन.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिले पंधरा दिवस त्यांच्या वर्गात पुस्तक उघडत नसे. दारातून आत कसं यायचं, चपला जोडीनं कशा ठेवायच्या, दुसरा बोलत असताना आपले हात कुठं ठेवायचे, खोकला आला तर तोंड कुठं वळवायचं. हे ते सांगत नसत, करून दाखवत. मग एकेका पोराकडून तीनदा करून घेत. "आता तू दाखव," एवढंच वाक्य दिवसभर पार्टिशनवरून माझ्याकडे येई. आमचे हेडमास्तर चौधरी साहेब वैतागत. अभ्यासक्रम मागं पडतो म्हणून एकदा तणतणत गुरुजींच्या वर्गात शिरले आणि दार त्यांच्या मागं धाडकन आपटलं. गुरुजींनी शांतपणे एका मुलीला उठवलं आणि साहेबांना दार कसं लावायचं ते दाखवायला सांगितलं. तिनं दाखवलं. साहेबांनी चाळीस पोरांसमोर ते करून पाहिलं, दोनदा. पुढं बरेच दिवस ते त्या वर्गाकडे फिरकले नाहीत.

'नको' हा शब्द गुरुजींना चालत नसे. पळू नका म्हणायचं नाही, चाला म्हणायचं. ओरडू नका म्हणायचं नाही, हळू बोला म्हणायचं. मी नवी होते तेव्हा ते एकदा पार्टिशनवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले की बाई, गोंधळ करू नका असं तुम्ही सकाळपासून सात वेळा म्हणालात, आता पोरांच्या डोक्यात गोंधळच बसलाय. काय करायचं ते त्यांना कधी सांगणार? मला असा राग आला की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हळूच त्यांच्या पद्धतीनं करून पाहिलं. पोरं ऐकू लागली. त्यामुळे राग आणखी वाढला.

आणि ते दहा आकडे. कुणी काही विचारलं की गुरुजी लगेच उत्तर देत नसत. ओठ हलत, दहापर्यंत मोजून होई, मग बोलत. पोरांनाही तीच शिकवण. विचारलं की आधी बोटांवर दहा मोजायचे, मग तोंड उघडायचं. तिसरीचं पोर ओळखायचं कसं तर त्याला नाव विचारायचं. ते मांडीवर बोटं आपटत उभं राही. बाजारात आयांनी केलेली पोरांची नक्कल मी ऐकली आहे. "गुरुजीना दहा व्हवू दे," असं म्हणून बाया हसत, पण त्या हसण्यात कौतुक असे.

माणूस मऊ होता असं यावरून वाटेल. तसं नव्हतं. त्यांच्या वर्गात पाणी वाढायची पाळी असे. रोज एक पोर माठातून पाणी काढी आणि सगळ्यांना ओंजळीत वाढी. एका वर्षी रेल्वेच्या गँगमनचा मुलगा गौतम वर्गात आला. कुटुंब बौद्ध, विदर्भाकडून आलेलं. त्याची पाळी आली त्याच दुपारी दोन पालक दारात उभे राहिले. आमच्या पोरांना याच्या हातचं पाणी नको, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींनी दहा मोजले. मग म्हणाले, "पाळी गौतमची आहे. तुम्हाला तहान लागली असेल तर रांगेत उभे राहा, तोच वाढेल." त्यातल्या एकानं पोराला शाळेतून काढलं. गुरुजींनी त्याचं नाव वर्षभर हजेरीत पुकारलं आणि रोज गैरहजेरी मांडली. पुढच्या जूनमध्ये पोरगा परत आला. ही हकिगत मी मुद्दाम सांगते आहे. या माणसाला दोघांसमोर उभं राहता येत होतं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता फरशी.

वर्गात सगळीकडे काळी शहाबादी होती. खिडकीखालची एक फुटली होती, तिच्या जागी कुणीतरी लाल फरशी बसवली होती. गुरुजींनी ती खरं सांगायची जागा ठरवली. ज्याच्या हातून काही चुकलं असेल त्यानं आपणहून त्या लाल फरशीवर जाऊन उभं राहायचं, दहा मोजायचे आणि सांगायचं. तिथं सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीला शिक्षा नाही. छडी नाही, रागावणं नाही, घरी कळवणं नाही. सांगून झालं की सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायचं, "सांगितलंस, बरं झालं. बस." मग ते पोर जागेवर जाऊन बसे आणि जे चुकलं ते कसं निस्तरायचं याचा विचार सगळे मिळून करत. दुसऱ्याची भाकरी खाल्लेलं पोर दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी जास्त घेऊन येई. मी हे वाक्य पार्टिशनच्या अलीकडून शेकडो वेळा ऐकलं. कधीकधी माझी दुसरीची पोरंही त्यात सूर मिसळत.

त्या फरशीवर सगळ्यात जास्त वेळा उभी राहिलेली मुलगी म्हणजे शेवंता. हिचा बाप रामदास, तोही शाळेच्या जागेचा मालक असलेल्या शेठच्याच लूमवर. शेवंता सडपातळ, केसांना तेल चोपडलेलं, आणि खरं बोलायची इतकी हौस की चुका कमी पडत. एकदा ती फरशीवर जाऊन म्हणाली की काल मी मनातल्या मनात आईला शिवी दिली. वर्गानं तिला बस म्हणून सांगितलं. गुरुजी तोंड फिरवून फळ्याकडे बघत राहिले. ते हसत होते.

शेवंता तिसरीत आली त्या वर्षी जूनच्या अखेरीला शेठचा हिशेब बघणारे मेहताजी वह्या वाटायला आले. दर वर्षी येत. गोड बोलणारा, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवणारा माणूस. आणि इथं गुरुजींनी एक गोष्ट केली, जी त्यांनी करायला नको होती. त्यांनी मेहताजींना फरशी दाखवली. अभिमान वाटत होता त्यांना, का वाटू नये? शेवंताला उभं केलं, तिनं काहीतरी किरकोळ सांगितलं, वर्ग एका सुरात बोलला. मेहताजी खूष. वाहवा, असं म्हणून त्यांनी तिला दोन वह्या जास्त दिल्या. गुरुजींच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आठवतो. त्या आनंदाची मला आजही भीती वाटते.

बांगलादेशची लढाई संपली त्या हिवाळ्यात शेठच्या लूमवर संप झाला. बाहेरून माणसं आणून लूम चालवायचा शेठचा बेत होता. संपवाल्यांनी एका सकाळी धोटे काढून नेले. धोटा म्हणजे सूत घेऊन लूममधून इकडून तिकडे धावणारं लाकडी नळकांडं. ते नसेल तर लूम नुसतं लोखंड. धोटे कुणी नेले, कुठं ठेवले, हे शेठला कळेना. आठवडाभर कारखाना बंद राहिला. पोरं शाळेत भुकेली येत होती, पण गल्लीत बायांची मान ताठ होती. एवढा आठवडा गेला तर शेठ बोलणी करणार, असं सगळे म्हणत.

त्यात एका दुपारी मेहताजी वह्यांचा गठ्ठा घेऊन शाळेत आले. जानेवारीत वह्या कोण वाटतं, असं माझ्या मनात आलं. चौधरी साहेब पुढं, मेहताजी मागं. दुसरी आणि तिसरी एकत्र बसवा म्हणून सांगितलं, म्हणून मी माझी पोरं घेऊन गुरुजींच्या वर्गात गेले आणि दारापाशी उभी राहिले. मेहताजींनी दोन वह्या वाटल्या, तिसरी हातात धरली आणि शेवंताला बोलावलं. फरशीवर उभं राहायला सांगितलं. ती आनंदानं गेली.

मेहताजी तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "बेटी, इसपर खडे रहके सच बोलते हैं ना? बोल, तेरे बापूने धोटे किधर रखे हैं?"

चौधरी साहेब खिडकीबाहेर बघू लागले. शेवंतानं गुरुजींकडे पाहिलं. तिची बोटं मांडीवर हलायला लागली. एक, दोन, तीन. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, झालं, आता दहा होतील आणि ते म्हणतील, शेवंता, खाली उतर. पाण्याच्या पाळीला बोलले तसे बोलतील. मी दाराला धरून वाट पाहत होते. बोलायला मलाही तोंड होतं, पण माझ्या ते डोक्यातसुद्धा आलं नाही. शाळा शेठच्या जागेत होती आणि माझी नोकरी अजून पक्की नव्हती.

शेवंताचे दहा आधी झाले. "आमच्या न्हाणीत," ती म्हणाली, "लाकडांखाली, पोत्यात."

आणि वर्ग, शिकवल्याप्रमाणे, एका सुरात म्हणाला, "सांगितलंस, बरं झालं. बस."

ती जाऊन बसली. मेहताजींनी हातातली वही तिच्या मांडीवर ठेवली.

पुढचं सगळं सूर्य मावळायच्या आत झालं. पोतं निघालं, रामदासला चौकीवर नेलं, दोन दिवसांनी सोडलं. सोडलं तेव्हा त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं कामातून गेली होती. सुताला गाठ मारणारीच बोटं. संप तिसऱ्या दिवशी मोडला. लूमवर परत घेतलेल्या लोकांनी रामदासशी बोलणं टाकलं. त्यानं शेठकडून काहीतरी घेऊन पोरीच्या तोंडून वदवलं, असं गल्लीत पसरलं. नळावर त्याच्या बायकोला कुणी पुढं जाऊ देईना. महिन्याभरात ते बिऱ्हाड उचलून चलथाणला गेलं, साखर कारखान्याच्या आसऱ्यानं. शेवंताचं नाव पटावरून कमी झालं.

त्यानंतर एका शनिवारी गुरुजी पार्टिशनपाशी आले आणि उद्या चलथाणला याल का म्हणून विचारलं. एकट्यानं जायची हिंमत होत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. रविवारी सकाळी आम्ही भुसावळकडं जाणारी पॅसेंजर धरली. गाडीत खानदेशात निघालेली माणसं, ट्रंका, कोंबड्या. गुरुजी पूर्ण वेळ उभे राहिले, जागा असूनही.

कारखान्यामागं उसाच्या पाचटानं शाकारलेल्या झोपड्यांची रांग होती. रामदास बाहेरच बसला होता, हात फडक्यात गुंडाळलेला. त्यानं उठून आम्हाला बाज दिली. बायकोनं पाणी आणलं. शेवंता तिच्या मागं होती. मी तिला विचारलं, कशी आहेस? तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली तेव्हा ती म्हणाली, बरी. इथली शाळा पाहिलीस का? पुन्हा आईकडे पाहिलं. जेवलीस का म्हटलं तरी आधी आईकडे पाहिलं. बोटं मांडीवर हलत नव्हती. मला तिथं बसवेना.

गुरुजींनी हात जोडले. माझं चुकलं, असं म्हणाले. रामदासचा आवाज चढला नाही. तो हातावरच्या फडक्याकडे बघत बोलला. "मी पोरले हात बी लाया नही, गुरुजी. तुमीच शिकाडं, तसं तिनी सांगं. तिना काय गुन्हा?" मग त्यानं वर पाहिलं. "पन तुमी तठे उभा व्हतात ना?"

या वेळी गुरुजींनी दहा मोजले नाहीत. "होतो," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हटलं, तुम्ही मोजत होतात, इतक्या वर्षांची सवय, दहा व्हायच्या आत पोरगी बोलून गेली, यात तुमचा काय दोष. ते उठून गाडीच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. त्यांना ते पटलं असावं असं मी धरून चालले. पुढं शाळेत, गल्लीत, कुणी विषय काढला की मी हेच सांगे. दहा मोजायच्या सवयीनं घात केला बिचाऱ्यांचा. लोक हळहळत. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

गुरुजी शिकवत राहिले. दार हातानं धरून लावायचं, चपला जोडीनं, पाण्याची पाळी, सगळं चालू होतं. पण लाल फरशीवर त्यांनी तिवई आणून ठेवली आणि तिवईवर पाण्याचा माठ. नव्या पोरांना ती फरशी कसली होती हे कळायचं कारणच उरलं नाही. मोजणंही गेलं. काही विचारलं की ते लगेच उत्तर देत, बहुतेक वेळा एका शब्दात. मुलं चुकली की त्यांना काय म्हणायचं हे त्यांना सुचत नसे. ते नुसते बघत. छडी मात्र त्यांनी शेवटपर्यंत हातात घेतली नाही. चौधरी साहेब एकदा मला म्हणाले की निकम आता सुधारले, अभ्यासक्रम वेळेत संपवतात.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. हार, नारळ, साहेबांचं भाषण, सगळं व्हरांड्यात झालं. मग ते म्हणाले, एकदा वर्गात जाऊन येतो. तिसरीची पोरं आत बसली होती. मी पार्टिशनच्या अलीकडे माझ्या वर्गात होते. त्यांनी माठ दोन्ही हातांनी उचलून कोपऱ्यात ठेवला. तिवई बाजूला केली. फरशीवर माठाचं ओलं वर्तुळ होतं. त्यावर ते उभे राहिले. पोरं बघायला लागली, गुरुजी पाण्यात का उभे म्हणून.

ते पोरांशीच बोलले, नेहमीच्या आवाजात. "एका मुलीला मी इथून खाली उतर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मी मोजत होतो, असं लोक सांगतात. मी मोजत नव्हतो. मी घाबरलो होतो. ओठ हलवत होतो, म्हणजे मोजतोय असं दिसावं."

एवढं बोलून ते तिथंच थांबले. ज्यांना पुढचं वाक्य शिकवलं होतं ती पोरं केव्हाच लूमवर लागली होती. समोरची चाळीस तोंडं मिटलेली. पुढचं वाक्य त्या छपराखाली एकट्या मला ठाऊक होतं. सांगितलंत, बरं झालं, बसा. एवढंच म्हणायचं होतं, पार्टिशनवरून, फार मोठ्यानंही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण ते थांबले होते ते माझ्यासाठीच, हे मला कळत होतं.

मी दहा मोजायला सुरुवात केली. दहा झाले. मग अकरा म्हटलं, बारा म्हटलं. तोंड उघडेना. बरं झालं असं म्हणायला काय बरं झालं होतं, आणि त्या दुपारी दाराला धरून उभी राहिलेली मी, ते म्हणणारी कोण?

गुरुजी फरशीवरून उतरले. तिवई पुन्हा जागेवर ठेवली, माठ उचलून तिच्यावर ठेवला, झाकण नीट केलं. दारातल्या चपला पायांत घातल्या. मग वळले, दार हातानं धरलं आणि आवाज न करता लावून घेतलं.